वॉशर, नग एक

अबेशेच्या गोदामात मी चाव्या सांभाळतो. सतरा.
पैकी अकरा कुलपं आता कुठल्याच दारावर नाहीत,
पण त्यांची नोंद आहे,
म्हणून चाव्याही आहेत.

डाव्या हाताला, तिसऱ्या फळीवर, खोका क्रमांक चाळीस.
त्यात एक वॉशर.
चामड्याचा, वाटीसारखा, हातपंपाच्या पोटात बसतो.
माझ्या टेबलापासून नऊ पावलं. मोजलीत मी.
दुपारी दुसरं काम नसतं.

वादी तिरदाचा पंप नोव्हेंबरात कोरडा खोकायला लागला.
पाणी खाली आहेच,
वर आणणारं चामडं तेवढं फाटलं.
मी त्याच दिवशी मागणीपत्र भरलं, फ्रेंचमध्ये, तीन प्रती.
अन्जामेनाने ते जिनिव्हाला धाडलं,
जिनिव्हाने नैरोबीला, कारण पाणी हल्ली नैरोबी बघते.
नैरोबीने विचारलं, वॉशर हे पाणी की सुटे भाग?
सुटे भाग असतील तर कोपनहेगन.
कोपनहेगनला नाताळची सुट्टी होती.

आमच्या मुलखात घोडे चांगले.
शर्यत बघायला माणसं लांबून येतात.
ऑफिसने मात्र कागदीच पाळले,
त्यांना चारा लागत नाही
आणि ते कुठे पोचतही नाहीत.

फेब्रुवारीत पांढऱ्या गाडीतून पाच जण आले.
पंपाचा दांडा हलवून पाहिला, पाळीपाळीने, पाचही जणांनी,
जणू शेवटच्याच्या हाताला गुण असावा.
फोटो. मग अहवाल, चौऱ्याऐंशी पानी.
पान एकसष्टवर मी आहे.
नाव माझं सालेह बर्मा.
त्यांनी लिहिलंय: सालेह. देश: बर्मा.

देऊन टाक की, असं तुम्ही म्हणाल.
सगळे म्हणतात.
माझ्या आधी इथे ईसाखा होता.
सही नसताना त्याने दोन बादल्या दिल्या, एका बाळंतिणीला.
बादलीच्या मागणीला आठ महिने लागतात;
ईसाखाची नोकरी जायला चार दिवस पुरले.
तेव्हा कळलं,
मनात आणलं तर ही माणसं किती चटपटीत आहेत.

एप्रिलात कल्तूमा आली. गाढवावर, दोन रात्री चालून.
दिवसा त्या रस्त्यावर कोण चालेल?
"बायका वादीत खड्डे खणतात," ती म्हणाली.
"कोपरापर्यंत हात गेला की चिखल,
खांद्यापर्यंत गेला की पाणी.
लहान पोरींचे हात पुरत नाहीत."

मी तिला मागणीपत्र दाखवलं. सद्यस्थिती: विचाराधीन.
तिने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.
मग म्हणाली,
"नुसतं दाखवायला पण सही लागते का?"

मी नियमावली चाळली. खरंच चाळली.
बघण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

नऊ पावलं. खोका. वॉशर तिच्या तळहातावर.
तिने तो उजेडात धरला, वास घेतला,
आणि मी काही बोलायच्या आत
माझ्या शिक्क्याच्या शाईत दाबला
नि अंगावरच्या पांढऱ्या लफाईच्या टोकावर उठवला.
एकदा. नीट उमटावा म्हणून पुन्हा एकदा.
बाहेरचं गोल, आतलं गोल.
काठाची उंची बोटाच्या पेरावर मोजून घेतली.
"बाजारात खोगीर शिवणारा आहे," ती म्हणाली.
"उंटाचं कातडं. संध्याकाळपर्यंत देईल."

वॉशर पुसून तिने परत दिला.
नग एक. शिल्लक एक. हिशेब चोख.
सात वर्षं मी ती शाईची डबी उघडतोय, झाकतोय.
आत एवढं पाणी असेल
असं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात तपासनीस येऊन गेले.
परवा पत्र आलं:
खोका क्रमांक चाळीस, वॉशरच्या कडेला निळसर डाग आढळला,
त्वरित खुलासा करावा, तीन प्रतींत.

मी कळवलंय,
विचाराधीन आहे.